गावंडे मॅडमची जावाची वही

अमरावतीच्या त्या कॉलेजात संगणकाच्या तिसऱ्या वर्षाला दोन भाषांपैकी एक निवडावी लागे, जावा किंवा पायथन. या माणसांनी बोलायच्या भाषा नव्हेत, संगणकाला काम सांगायच्या. वीस नावं आली तर विषय चालायचा. एक जरी कमी पडलं तरी बंद. गुरुवारी, अठरा जुलैला, दुपारी सूचनाफलकावर यादी लागली तेव्हा पायथनखाली छत्तीस नावं होती आणि जावाखाली एकोणीस. शकुनबाई गावंडेंनी चष्मा पदराने पुसला, यादी वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली. एकोणीसच.

जावाचा हा एकच विषय आता त्यांच्या नावावर उरला होता. त्या कायम नोकरीत कधीच नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे वेळापत्रकात जितके तास नाव, तितकाच त्यांचा कॉलेजशी संबंध. वय एक्कावन्न. या वयात जावा शिकवणारी बाई ठेवायला दुसरं कोणी बसलेलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण मागच्या दोन उन्हाळ्यांत त्या अमरावतीतली चार आणि अकोल्यातली दोन कॉलेजं फिरून आल्या होत्या. सगळीकडे एकच प्रश्न विचारला गेला. पायथन येतं का?

त्यांना ते येत नव्हतं, आणि येत नसताना येतं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शकुन मूळची बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातली, कास्तकाराच्या घरची. चौऱ्याण्णव साली रोज सकाळच्या एसटीने ती अकोल्याला जायची आणि एका माडीवरच्या क्लासात फॉक्सप्रो ही तेव्हाची संगणकाची भाषा शिकायची. पुस्तक इंग्रजीत, शिकवणारा घाईत, आणि शकुनची सगळी शाळा मराठीत झालेली. तिने दोनशे पानी वही घेतली आणि डिक्शनरी मांडीवर ठेवून पुस्तक मराठीत लिहायला बसली. आज्ञा इंग्रजीतच ठेवली, पण तिचा अर्थ, ती कशासाठी, कुठे चुकते, हे सगळं आपल्या बोलीतल्या उदाहरणांनी. एकच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचं असेल तर काय करायचं? तिने लिहिलं: खळ्यावर बैल फिरतात तसं. किती फेरे ते आधी सांगून ठेवायचं, फेरे पुरे झाले की बैल सोडायचे. वही पुरी व्हायला दोन वर्षं लागली. वही पुरी झाली तेव्हा क्लासच्या पाटीवरचं फॉक्सप्रो पुसून तिथे व्हिज्युअल बेसिक रंगवलेलं होतं.

लग्न होऊन ती अमरावतीला आली. गजेंद्र नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर. सासरी तिने व्हिज्युअल बेसिकची वही सुरू केली, पुन्हा दोन वर्षं. या खेपेला मात्र नशीब बरं निघालं. ती भाषा आठ-नऊ वर्षं टिकली, आणि कॉलेजात त्यांना तास मिळाले तेही तिच्यामुळेच. मग तीही अभ्यासक्रमातून गेली, आणि शकुनबाईंनी एकोणचाळिसाव्या वर्षी जावाची वही हातात घेतली. दर खेपेला मैत्रिणी म्हणायच्या, अगं, दहा पानं वाच आणि वर्गात जा, बाकीचे तेच करतात. शकुनबाईंना ते जमलं नाही. वही पुरी झाल्याशिवाय त्या फळ्यापुढे उभ्या राहत नसत.

तीन वर्षांपूर्वी विभागप्रमुख शुभंकर सरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं की पायथन सुरू करायचंय, पहिला हक्क तुमचा. शकुनबाई म्हणाल्या, दोन वर्षं द्या. सर हसले आणि म्हणाले की दोन महिने आहेत. तेव्हा पुण्याहून परतलेली श्रावणी, शकुनबाईंचीच जुनी विद्यार्थिनी, हे सगळं बोटांवर घेऊन आली होती. विषय तिला गेला. शकुनबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. जावा आपल्याला साठीपर्यंत पुरेल असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे एक्केचाळीस मुलं राहिली, मग तेहेतीस, मागच्या वर्षी चोवीस.

त्या गुरुवारी यादीपुढून हलून त्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे कुलदीप नावाचा एक दर्यापूरकडचा मुलगा बसला होता. हुशार नव्हता, पण खोटं बोलणारा नव्हता. शकुनबाईंनी त्याला सरळ विचारलं की पायथन का घेतलंस.

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मॅडम, जावाच्या नोट्स तं खुशालरावकडे भेटतेच ना. तुमच्याच. तेवढं वाचलं का पेपर निंगते. पायथनच्या नोट्स कुठीच नाई. मनून तिथं तासाले बसा लागते."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट त्याने कौतुकच केलं होतं.

नोट्स त्यांनीच दिल्या होत्या. कॉलेजच्या फाटकासमोर खुशालराव यांचं झेरॉक्सचं दुकान. दहा वर्षांपूर्वी अंजनगाव, बार्शीटाकळी, धारणीकडची मराठी शाळेतली पोरं वर्गात मान खाली घालून बसलेली त्यांना बघवेना, म्हणून मूळ वही खुशालरावांकडे नेऊन दिली आणि सांगितलं, मागेल त्याला काढून द्या, माझं काही नको. खुशालरावांनी वरच्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं, "गावंडे मॅडमच्या नोट्स". पुढे ते बाड अकोल्याला गेलं, यवतमाळला गेलं. एकदा बुलढाण्याच्या एका मुलाने त्यांना फोन करून विचारलं होतं की मॅडम तुम्ही आहात का अजून, म्हणजे जिवंत. त्या दिवशी घरी सगळे पोट धरून हसले होते.

संध्याकाळी त्यांनी गजेंद्रना सांगितलं. ते मोजे काढत होते. म्हणाले की मग आता काय, एका नावासाठी प्रचाराले निंगतं का? त्यांना हसवायचं होतं. पण शकुनबाई शुक्रवारी खरोखरच प्रचाराला निघाल्या.

ज्या बाईने आयुष्यात कोणाला एक गुण वाढवून दिला नाही, ती त्या दिवशी मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभी राहून जावाचे फायदे सांगत होती. बँका अजून जावावर चालतात. मोठ्या कंपन्यांत जुनी कामं तशीच आहेत, ती सांभाळायला माणसं लागतात. बोलताना आपला आवाज भाजीवालीसारखा चढतोय हे त्यांना ऐकू येत होतं. मुली मान डोलवत होत्या, मॅडमना खाली बसा म्हणत होत्या, एकीने पाणीही आणून दिलं. फॉर्म मात्र कोणी बदलला नाही. जिन्यावरून उतरताना वर कोणीतरी हसलं. त्यांच्यावरच हसलं की दुसऱ्या कशावर, हे कळायला मार्ग नव्हता, आणि जिना अर्धाही संपत नव्हता.

पण यादीत एक जागा मोकळी होती. वर्गात एकंदर छप्पन्न मुलं आणि नावं पंचावन्न. आचल धर्मे नावाच्या मुलीने फॉर्मच भरलेला नव्हता. ती तापाने आजारी म्हणून आठ दिवस गावी होती आणि फोन लागत नव्हता. गाव अंजनगाव सुर्जी. फॉर्मची शेवटची वेळ शनिवारी संध्याकाळी पाच.

शनिवारी सकाळी साडेआठला शकुनबाई परतवाड्याकडून जाणाऱ्या एसटीत बसल्या. गजेंद्रना सांगितलं, कॉलेजचं काम आहे.

आचलचे वडील नत्थुजी यांचा पानमळा होता. घर मळ्याला लागूनच. शकुनबाई विचारत विचारत पोचल्या तेव्हा नत्थुजी ओल्या फडक्यात पानांच्या जुड्या बांधत बसले होते. पोरीच्या कॉलेजची मॅडम बसने, चिखलातून, आपल्या दारात आली हे कळल्यावर त्यांनी हातातलं काम टाकलं, बाजेवर धुतलेली चादर टाकायला सांगितलं, आणि फोन मळ्यात पाण्यात पडला तो कसा पडला याची सगळी हकिकत सांगितली. आचल आतून आली. उतरलेला चेहरा, तेल लावलेली वेणी. तिने वाकून नमस्कार केला आणि भिंतीशी उभी राहिली.

शकुनबाईंनी काम सांगितलं. फॉर्म आज पाचपर्यंत भरायचा आहे, दोन विषय आहेत. एवढंच सांगितलं. यादीत किती नावं आहेत ते सांगितलं नाही.

आचल आत गेली आणि बाड घेऊन आली. गावंडे मॅडमच्या नोट्स, पण झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. अक्षरं इतकी फिकी की काही ठिकाणी आचलने ती पेनाने गिरवून घेतली होती. कडेला बारीक अक्षरात तिच्या खुणा. ती म्हणाली की दुसऱ्या वर्षाच्या सुटीतच मी हे सगळं करून टाकलं, चुलतभावाच्या मोबाइलवर एकेक प्रोग्राम चालवून पाहिला. मग तिने खाली मान घालून विचारलं.

"मॅडम, नौकरीले कोन्तं कामी पडते?"

हा प्रश्न शकुनबाईंना बसमध्ये परतवाड्यापासून छळत होता. त्या म्हणाल्या, "दोन्ही पडतं."

हे खरंच होतं, आणि उत्तर मात्र नव्हतं. आचलने वर पाहिलं. तिला ते कळलं असावं.

नत्थुजींना एवढा विचार करण्यासारखं यात काही दिसेना. ते म्हणाले, "आता इथं सगळ्यायनं सोयाबीन पेरलं मनून आमीबी दोन एकर पेरलं. काहून पेरलं मनसान तं सांगता येनार नाई. पोट्टे बी तसेच, एकानं लिवलं का सारेच लिवते. तू मॅडमचंच घे." आणि मुलगी हलेना तेव्हा जरा आवाज चढवून, "पाहून काय राह्यली? मॅडम तुयासाठी एवढ्या दुरून आल्या."

तुयासाठी. शकुनबाईंनी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. नाही, मी माझ्यासाठी आले, तू पायथनच घे, असं म्हणायला सात-आठ शब्द पुरले असते. त्यांनी समोरच्या जुड्यांकडे पाहिलं. हिरवीगार पानं, एकावर एक, देठ एका बाजूला. आचलने शेजाऱ्याचा फोन आणला आणि त्यांच्यासमोरच फॉर्म भरला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

निघताना आचलच्या आईने, रुख्मिणीबाईंनी, त्यांना पाटावर बसवून ओटी भरली. गहू, नारळ, ब्लाउजपीस आणि वर आपल्या मळ्यातल्या पानांची एक जुडी. पोरीच्या गुरूला रिकाम्या ओटीने कसं पाठवायचं, असं त्या म्हणाल्या. शकुनबाई परतीच्या बसमध्ये ती ओटी मांडीवर घेऊन बसल्या. परतवाड्याला बस पाऊण तास थांबली. सगळे चहाला उतरले, त्या एकट्याच जागेवर बसून राहिल्या.

सोमवारी शुभंकर सरांनी सांगितलं की मॅडम, वीस झाले, अभिनंदन, तुमचा विषय सुरू. शकुनबाई आभार मानून बाहेर आल्या.

तास सुरू झाले. वीस मुलांपैकी चौदा-पंधरा येत. आचल पहिल्या बाकावर बसे, ताठ, वही मिटलेली. मॅडमचं प्रत्येक वाक्य तिला आधीच माहीत होतं. खळ्यावरच्या बैलांचं उदाहरण आलं तेव्हा तिचे ओठ हलले. ती ते मॅडमच्या बरोबरीने म्हणत होती. शकुनबाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वर्गात काय बोलावं ते सुचेना. जे लिहिलं होतं तेच त्या वाचून दाखवत होत्या, आणि ज्याला वाचायचं होतं त्याने ते वाचून टाकलं होतं.

तिसऱ्या तासाला सातच्या पाढ्याचा प्रोग्राम होता. वहीचं सत्तेचाळिसावं पान. संगणकाने सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत पाढा छापायचा, इतकाच. शकुनबाईंनी तो फळ्यावर लिहिला, खाली उत्तर लिहिलं. आचलने हात वर केला.

"मॅडम, ह्यो पाढा सत्तरपर्यंत जात नाई. त्रेसष्टवरच थांबते."

मागून कोणीतरी म्हणालं, हिले पाढे यायले लागले गड्या, आणि वर्ग हसला. शकुनबाईही हसल्या. मग म्हणाल्या, चला, चालवून पाहू. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच्या हाताने प्रोग्राम टाइप केला, वहीत होता तसा. पडद्यावर ओळी उमटल्या. सात नव्वे त्रेसष्ट, आणि त्याखाली काही नाही. त्यांनी पुन्हा चालवला.

चूक एवढीशीच होती. दहापेक्षा लहान असेतो फिर, असं लिहिलं होतं. दहा धरून, असं लिहायचं राहिलं होतं. एक बरोबरचं चिन्ह. हे पान त्यांनी बारा वर्षांपूर्वी भारनियमनाच्या दुपारी लिहिलेलं, संगणक बंद, आणि उत्तर डोक्यातून उतरवलेलं. सातचा पाढा कोणाला येत नाही? पुढे मुलांनी तो प्रयोगाच्या फाइलीत उतरवला, डाव्या पानावर पेन्सिलीने उत्तर लिहिलं, सात दाहे सत्तर. इतका सोपा प्रोग्राम चालवून कोण पाहतो, आणि चाळीस मुलांत बारा संगणक. फाइल तपासताना शकुनबाईंनी त्याखाली लाल टिक केली. दर वर्षी, दर फाइलीत.

मुलं गेल्यावर त्यांनी विभागाच्या कपाटातल्या जुन्या फाइली काढल्या. सात वर्षांच्या फाइली शिल्लक होत्या. सत्तर, टिक. सत्तर, टिक. एका मुलाने तर सत्तर दोनदा गिरवून ठसठशीत केलं होतं आणि त्यांनी त्याला "सुवाच्य" असा शेरा दिला होता. त्या जमिनीवर फाइलींच्या मध्ये बसल्या होत्या. आपण शिकवलं काय आणि हे शिकले काय, असं त्यांच्या मनात आलं. शिपायाने दार लावायचं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी फाइली पुन्हा कपाटात लावल्या.

घरी ओट्यावर अंजनगावची पानं तशीच होती. त्यांनी ती कोणाला दिलीही नव्हती आणि खाल्लीही नव्हती. फडकं वाळलं होतं आणि वरची पानं कडेने काळी पडत चालली होती. गजेंद्र म्हणाले, एवढी चांगली पानं नासवून काय राह्यली? शकुनबाईंनी फडकं ओलं करून पुन्हा वर टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक तास मोकळा होता. व्हरांड्यातून जाताना त्यांना श्रावणीच्या वर्गाबाहेर, खिडकीच्या कडेला, कोणीतरी उभं दिसलं. आचल होती. भिंतीला वही टेकवून ती खिडकीतून दिसणारा फळा उतरवून घेत होती. आतले छत्तीस जण बसून लिहीत होते आणि ती बाहेर उभी राहून. मॅडम दिसल्यावर तिने वही ओढणीखाली घेतली.

शकुनबाई सरळ कार्यालयात गेल्या आणि विषय बदलायचा अर्ज मागितला. एकतीस जुलैपर्यंत विषय बदलता येत होता. जुन्या शिक्षकाची सही लागायची. तो दिवस तीस जुलैचा होता. त्यांनी अर्जावर वळणदार अक्षरात आचलचं नाव लिहिलं, जुना विषय जावा, नवा विषय पायथन, खाली सही केली, आणि आचलला बोलावून तिची सही घेतली. ती गोंधळून म्हणाली की बाबा काय म्हनतीन. शकुनबाई म्हणाल्या की बाबांना मी फोन करते, त्यांचा फोन सुधारला असेल तर.

शुभंकर सरांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "मॅडम, ही गेली की एकोणीस उरतात. तुमच्या लक्षात आलंय ना?"

"मला मोजता येतं, सर."

"मग कशासाठी? ती मागत होती का?"

"नाही," शकुनबाई म्हणाल्या. "तिने जावा मागितलंच नव्हतं. मी तिच्या घरी जाऊन मागून आणलं."

पंखा फिरत होता. सरांनी सही केली आणि म्हणाले की पुढच्या वर्षी काही निघालं तर बघू. निघणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. बाकीची एकोणीस मुलं उद्यापासून पायथनला बसतील, असं त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

बाहेर श्रावणी थांबली होती. तिला बातमी आधीच लागली होती. तिने शकुनबाईंचा हात धरला आणि म्हणाली की मॅडम, तुम्ही या ना, मी पहिल्यापासून दाखवते, तुम्हाला महिन्यात येईल.

"मला दोन वर्षं लागतात, श्रावणी. तुला माहीत आहे."

श्रावणीने हात सोडला नाही, पण तिचा चेहरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षांनी हेही राहतं की नाही, कोणी सांगावं? माझ्या वर्गातले पोट्टे आताच म्हणतात, मॅडम, कशाले शिकवता, मशीनले सांगतलं का तेच लिहून देते. काय उत्तर देऊ त्यांना? मी घरी जाऊन रोज नवीन काहीतरी पाहत बसते. झोप लागत नाही."

शकुनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. एकतीस-बत्तीस वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळं. हिला आपण व्हिज्युअल बेसिक शिकवलं होतं. ते आता कुठेच नाही. तिला धीर द्यावा असं त्यांना फार वाटलं. त्या म्हणाल्या की उत्तर आधी चालवून पाहायला सांग त्यांना, मशीनचं असो की माझं. आणि पायऱ्या उतरल्या.

फाटकासमोर खुशालराव दुकानात एकटेच होते. शकुनबाईंनी मूळ वही मागितली. ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी ठेवलेली होती. वही काढता काढता ते म्हणाले की आयकलं मी, वाईट झालं, पन नोट्स बंद नोको करू मॅडम, लोकं नेतेच. कालच अकोल्याचा एक जण पाच घेऊन गेला, मुलाखतीले विचारते मने. मग सहज, मशीनमध्ये कागद भरत, म्हणाले, "ते तं तुमच्याशिवाय बी चालते."

खुशालराव साधे माणूस होते. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शकुनबाईंनी सत्तेचाळिसावं पान उघडलं. आपलंच अक्षर, एकोणचाळिसाव्या वर्षीचं, अजून काळंभोर. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि दहाच्या आधीच्या त्या चिन्हापुढे बरोबरच्या दोन छोट्या आडव्या रेघा ओढल्या. पुन्हा वाचून पाहिलं. बोटाने मनात फेरे मोजले, दहाही.

मग त्यांनी विचारलं की तयार बाडं किती आहेत. खुशालरावांनी टेबलाखालून गठ्ठा काढला. तीस होती, नवीन वर्षासाठी बांधून ठेवलेली. ते म्हणाले की राहू द्या मॅडम, एवढ्याशा रेघांसाठी, पुढच्या खेपेला बरोबर निंगन. शकुनबाईंनी स्टूल ओढून घेतलं, पहिलं बाड उघडलं, सत्तेचाळिसावं पान शोधलं आणि रेघा ओढल्या. मग दुसरं. कॉलेज सुटलं होतं, पोरं फाटकातून बाहेर पडत होती, दोघा-तिघांनी लांबूनच नमस्कार केला. खुशालरावांनी चहा मागवला. चौदाव्या बाडापर्यंत चहा निवून गेला.

सहा वाजता खुशालरावांनी शटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "उरलेले उद्या करा ना. तास झाला का या."

"उद्या तास नाही," शकुनबाई म्हणाल्या आणि पंधरावं बाड पुढे ओढलं.